कचेरी किती कोसांवर?

सुरत-भुसावळ लोहमार्गावर दोंडाईचा सोडलं, की नंदुरबारआधी टिसी, रनाळे, चौपाळे अशी लहान स्थानकं लागतात. त्यातलं रनाळे हे तापीच्या दक्षिणेचं, कोरडवाहू पट्ट्यातलं गाव. पाऊस बेताचा, पिकं कापूस, ज्वारी-बाजरी आणि मिरची, घरात बोली अहिराणी. गाव जागचं हललं नाही, पण त्याचा जिल्हा मात्र बदलत राहिला. 1906 पर्यंत ते खानदेश जिल्ह्यात होतं, मग पश्चिम खानदेशात गेलं, महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्या जिल्ह्याचं नाव धुळे झालं आणि 1 जुलै 1998 पासून रनाळ्याच्या सातबाऱ्यावर नंदुरबार जिल्हा लिहिला जाऊ लागला. या बदलांकडे सरकारी सोय म्हणून पाहण्याची आपली रीत आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. या मुलुखाच्या सीमा जवळजवळ प्रत्येक वेळी बाहेरच्या कुणाच्या तरी गरजेतून आखल्या गेल्या. त्या गरजा वसुलीच्या होत्या, बंदोबस्ताच्या होत्या, धरणाच्या होत्या. 1998 ची रेषा ही इथल्या माणसाचं कचेरीपासूनचं अंतर मोजून आखलेली पहिली रेषा. म्हणून तिचं मोलही त्याच मापाने करावं. तसं केलं तर दिसतं, की रनाळ्याला जिल्हा मिळाला, पण सातपुड्यातल्या अक्राणीला तो अजून पुरता मिळायचा आहे.

आधी भूगोल पाहू, कारण इथल्या राजकारणाचा पाया तोच आहे. जिल्ह्याचे दक्षिणोत्तर तीन पट्टे पडतात. मधला पट्टा तापीचा. शहादा तालुका, तळोद्याचा सपाट भाग आणि नंदुरबार तालुक्याचा पूर्वभाग ही काळी जमीन. शहाद्याकडे ऊस, केळी, पपई, नंदुरबारकडे मिरची. हंगामात नंदुरबारभोवतीच्या पथारींवर लाल मिरची वाळत घातलेली असते आणि तिच्या खाटाने रस्त्यावरून जाणाऱ्याला ठसका लागतो. दक्षिण-पश्चिमेला नवापूरचा डोंगराळ, जास्त पावसाचा, भाताचा पट्टा आहे. तिथे मावची आणि कोकणी वस्ती. उत्तरेला सातपुडा. हजार मीटरहून उंच असलेलं तोरणमाळचं पठार, अश्वत्थाम्याच्या यात्रेचं अस्तंब्याचं शिखर, आणि त्यांच्या पलीकडे उतरत जाणारी नर्मदेची दरी. ही नर्मदाच महाराष्ट्राची वायव्य सीमा; तिच्या पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात. डोंगरात भिल्ल, पावरा, तडवी, वसावे यांचे पाडे एकमेकांपासून लांब, टेकडीटेकडीवर विखुरलेले असतात. सपाटीवरचं गाव एका पांढरीत दाटीने बसतं. ज्याला प्रशासन 'गाव' म्हणतं ती चीज या दोन ठिकाणी एकसारखी नाही, हे पुढच्या सगळ्या गोष्टीत लक्षात ठेवायला हवं.

इंग्रजांच्या आधी हा मुलूख कुणाच्याच राज्याच्या मध्यावर नव्हता. गुजरातच्या सुलतानांचं आणि खानदेशच्या फारुकींचं सुलतानपूर-नंदुरबारवरून भांडण चाले. सोळाव्या शतकात हे परगणे गुजरातकडून फारुकींकडे गेले. अकबराच्या काळी 'ऐन-ए-अकबरी'त नंदुरबार हा माळवा सुभ्यातला सरकार म्हणून नोंदलेला दिसतो. म्हणजे आज जो मुलूख खानदेशाचा पश्चिम भाग म्हणून आपण सहज धरतो, तो कधी गुजरातेत, कधी खानदेशात, कधी माळव्यात मोजला गेला. पण राज्याच्या कडेला असणं म्हणजे दरिद्री असणं नव्हे. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरला आणि तिथून आग्र्याला जाणारी व्यापारी वाट तापीच्या खोऱ्यातूनच जाई. 1615 साली इंग्रज वकील सर टॉमस रो याच वाटेने बुऱ्हाणपूरला गेला. 1666 साली नंदुरबारात इंग्रजांची वखार होती. इथली द्राक्षं आणि खरबुजं प्रवाशांनी वाखाणली. वाट गावातून जात होती तोवर गावाला बरकत होती. होळकरशाहीच्या धामधुमीत आणि 1803-04 च्या दुष्काळात खानदेश उजाड झाला, सुलतानपूर तर पुन्हा उभं राहिलंच नाही. सत्ता कुणाची यापेक्षा वाट सुरू आहे का, हा प्रश्न या मुलुखाला जास्त जिव्हाळ्याचा होता.

1818 मध्ये खानदेश कंपनीकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जच्या हाती कारभार गेला. सपाटीवर पाहणी, मोजणी, सारा, तालुका अशी घडी बसवता आली. डोंगरात ती बसेना. मग 1825 मध्ये भिल्ल एजन्सी आणि जेम्स आउटरमची भिल्ल पलटण आली. ज्यांच्या दऱ्याखोऱ्यांत शिरणं अवघड, त्यांच्यातूनच शिपाई भरती करून बंदोबस्त करायचा, असा तो हिशोब. सातपुड्याच्या पश्चिम अंगाला काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर इथले मेवासी संस्थानिक होते. त्यांना खालसा न करता अर्धवट स्वायत्त ठेवलं. अक्राणीचा परगणा महाल म्हणून वेगळा चालला. एका जिल्ह्याच्या पोटात दोन कारभार सुरू झाले: खाली कलेक्टर-मामलेदार-तलाठी, वर एजंट आणि मेवासी. 1906 मध्ये खानदेश एका कलेक्टराला झेपेना म्हणून त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिमेचं ठाणं धुळ्याला गेलं. ते पूर्वीही खानदेशचं ठाणं होतंच आणि मुंबई-आग्रा रस्त्यावर होतं. डोंगरातल्या माणसाला धुळे किती लांब पडेल, हा विचार त्या निर्णयात शोधूनही सापडत नाही.

मात्र याच राजवटीने नकळत एक कागद मागे ठेवला, जो माझ्या म्हणण्याला सगळ्यांत मोठा आधार आहे. 1935 च्या भारत सरकार कायद्याखाली 1936 मध्ये 'अंशतः वगळलेले प्रदेश' जाहीर झाले. तिथे प्रांतिक विधिमंडळाचे कायदे आपोआप लागू होत नसत; गव्हर्नरने तसं जाहीर करावं लागे. पश्चिम खानदेशातली यादी अशी होती: शहादा, नंदुरबार आणि तळोदे हे तालुके, नवापूर पेटा, अक्राणी महाल, आणि सहा मेवासी संस्थानिकांची गावं. आजच्या नंदुरबार जिल्ह्याचे सहा तालुके म्हणजे नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर आकार जवळपास तोच निघतो, 1960 साली गुजरातेत गेलेली गावं तेवढी वजा. म्हणजे नंदुरबार जिल्हा 1998 साली मतांच्या गणितातून अचानक उपजला, हे खरं नाही. हा मुलूख एक घटक आहे हे सरकारदरबारी बासष्ट वर्षं आधी नोंदलं गेलं होतं. फरक हेतूचा आहे. 1936 मध्ये ही रेषा मुलूख वेगळा काढून ठेवण्यासाठी होती, 1998 मध्ये जवळ आणण्यासाठी. आणि रनाळ्यासारखी सपाटीवरची गावं त्या दोन्ही वेळी डोंगराच्या हिशोबात आत आली, स्वतः डोंगरातली नसताना.

1936 च्या आधी आणि नंतर घडलेल्या दोन घटनांनी या मुलुखाचं तोंड आणि आकार बदलला. पहिली रेल्वे. एकोणिसावं शतक संपता संपता तापी व्हॅली रेल्वे सुरतेहून नंदुरबारकडे आली आणि जुन्या बुऱ्हाणपूर वाटेला नवा जीव मिळाला. माल आणि माणसं पुन्हा पश्चिमेकडे वळली. नंदुरबारच्या बाजारात गुजराती भाषा घरची झाली; 9 सप्टेंबर 1942 ला स्वातंत्र्यलढ्यातल्या मिरवणुकीवरच्या गोळीबारात पडलेला, घरी गुजराती बोलणारा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती याच शहरातले. कागदावर जिल्हा धुळ्याकडे तोंड करून होता, व्यवहार सुरतेकडे. दुसरी घटना 1960 ची. मुंबई पुनर्रचना कायद्याने नंदुरबार, नवापूर, तळोदे, अक्कलकुवा या तालुक्यांतली गावं गुजरातला दिली गेली. निझर, उच्छल, कुकरमुंडा हा भाग तेव्हा गेला. जिथे भिल्ल एजन्सीचं ठाणं होतं ते कुकरमुंडाच परराज्यात गेलं. तापीवरच्या उकाई धरणाचा फुगवटा ज्या भागात येणार होता तो भाग गुजरातच्या हद्दीत असणं गुजरातच्या सोयीचं होतं, आणि 1972 मध्ये धरण उभं राहिल्यावर ते उघडच झालं. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा निम्मा भाग महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातेत पडला. एकाच बाकड्यावर दोन राज्यांची हद्द आखलेली आहे. लोक ते कौतुकाने दाखवतात. पण भाषेच्या नावाने काढलेली ही रेषा एकाच बोलीच्या, एकाच सोयरिकीच्या पाड्यांमधून गेली. दोन्ही बाजूंना देहवाली आणि मावची बोलणारेच लोक आहेत.

हीच गोष्ट उत्तरेला नर्मदेवर पुन्हा घडली, अधिक कठोरपणे. 1979 च्या नर्मदा लवादाने सरदार सरोवर धरणाच्या विजेतला 27 टक्के वाटा महाराष्ट्राला दिला; पाण्यातला वाटा 0.25 दशलक्ष एकर-फूट, म्हणजे नाममात्र. बुडाली ती अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली 33 गावं. मणिबेली हे त्यांतलं पहिलं. वीज राज्याच्या जाळ्यात गेली, पाणी कालव्याने गुजरातेत गेलं, आणि उठलेल्या लोकांना तळोद्याची वनजमीन तोडून वसाहती दिल्या गेल्या. या निर्णयाच्या टेबलाशी जिल्हा नावाची संस्था नव्हतीच. मेधा पाटकर आणि नर्मदा बचाओ आंदोलनाला जी लढाई लढावी लागली ती दिल्ली, मुंबई आणि जागतिक बँकेशी. तेव्हाचं जिल्ह्याचं ठाणं धुळं. अक्राणीतल्या धडगावपासून ते दीडशे किलोमीटरच्या घरात, आणि मणिबेलीच्या माणसासाठी आधी घाट किंवा होडी. नुकसानभरपाईचा कागद, जमिनीचा उतारा, जातीचा दाखला या प्रत्येकासाठी हे अंतर कापायचं असे. अंतर म्हणजे बुडालेली मजुरी, मुक्कामाचा खर्च आणि मध्यस्थाची दलाली. कचेरी लांब असली की दलाल जवळ येतो. इथल्या सावकारीचा आणि अर्जनवीसांचा इतिहास यापेक्षा फार निराळा नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. सगळा दोष बाहेरच्यांवर का टाकायचा? शोषण तर मुलुखाच्या आतच होतं. बरोबर आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा तालुक्यात जे घडलं ते मुंबई-दिल्लीने लादलेलं नव्हतं. तापीकाठच्या सुपीक जमिनी आदिवासींच्या हातून सपाटीवरच्या जमीनदारांकडे गेल्या होत्या, सालदारी चालू होती, पीक संरक्षणाच्या नावाने रखवालदारांचे जथे फिरत होते. 1971 मध्ये पाटीलवाडीला गोळीबारात आदिवासी मारले गेले, 1972 मध्ये शहाद्याला भूमुक्ती परिषद भरली, अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने मजुरी आणि जमीन हे प्रश्न रस्त्यावर आणले. त्याआधी 1937-38 मध्ये गुलाम महाराजांनी तळोद्याजवळच्या मोरवडला दारूबंदीची आणि शुद्ध आचाराची आप चळवळ उभी केली तेव्हाही हजारोंचे मेळे जमले आणि सपाटीवरचे मालक अस्वस्थ झाले. पण हा आक्षेप माझं म्हणणं मोडत नाही, उलट त्याची दुसरी बाजू दाखवतो. आतली विषमता टिकली ती बाहेरचं ठाणं लांब होतं म्हणूनही. मामलेदाराचा निकाल, पोलिसाची फिर्याद, नोंदणीचं दप्तर जिथे होतं तिथे सपाटीवरचा सहज पोचे, डोंगरातला नाही. पुढे 1975 मध्ये अमलात आलेल्या कायद्याने आदिवासींच्या जमिनी परत देण्याची सोय झाली. ती सोय वापरायलाही कचेरीपर्यंत जावंच लागत होतं.

1998 चा निर्णय या पार्श्वभूमीवर पाहावा. तुलनेला अमेरिकेतली काउंटी घेऊ. तिथे काउंटीचं ठाणं असं असावं, की शेतकऱ्याने घोड्यावरून सकाळी निघून काम उरकावं आणि दिवसात परतावं, असा जुन्या वसाहतींतला संकेत सांगतात. खरा फरक मात्र त्याहून खोल आहे. तिथल्या बहुतेक काउंट्यांत शेरीफ, करआकारणी करणारा अधिकारी, दप्तरदार हे लोक मतदानाने निवडले जातात. आपला कलेक्टर नेमलेला असतो. नावाप्रमाणे तो मुळात सारा गोळा करायला आला होता. 1962 पासून निवडून आलेली जिल्हा परिषद आहे, पण महसूल, जमीन, कायदा-सुव्यवस्था ही तिच्या हाती नाहीत. म्हणून आपल्याकडे जिल्हा विभागला तर निर्णय घेणारा बदलत नाही, त्याचं बसण्याचं ठिकाण बदलतं. तरीही ते ठिकाण महत्त्वाचं आहे. रनाळ्याहून धुळे सुमारे ऐंशी किलोमीटर, नंदुरबार पंधरा-वीस. सकाळच्या गाडीने गेलेला शेतकरी दुपारच्या जेवणाला घरी येऊ शकतो. रनाळ्यापुरता तो संकेत पुरा झाला. धडगावहून नंदुरबार मात्र घाट उतरून सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे, आणि नर्मदाकाठच्या पाड्यांना आजही आरोग्यसेवा तरंगत्या दवाखान्याने, होडीतून द्यावी लागते.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. सत्ता तर आदिवासींकडेच आहे, मग अंतराचं रडगाणं कशाला? विधानसभेच्या चारही जागा, अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर, अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. लोकसभेचाही नंदुरबार मतदारसंघ राखीव. माणिकराव गावित 1981 च्या पोटनिवडणुकीपासून 2009 पर्यंत सलग नऊ वेळा निवडून आले. मग 2014 आणि 2019 मध्ये भाजपच्या हिना गावित, 2024 मध्ये काँग्रेसचे गोवाल पाडवी. राष्ट्रीय नेते इथे येऊन योजना जाहीर करतात: आधार कार्डाची सुरुवात 29 सप्टेंबर 2010 ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीतून झाली. हे सगळं खरं. पण आमदारकी एका ठिकाणी आणि अर्थकारण दुसऱ्या ठिकाणी असू शकतं. साखर कारखाना, बाजार समिती, मिरचीचा व्यापार, शिक्षणसंस्था यांची सूत्रं बहुतांशी सपाटीवर राहिली. हा ताण जिल्हा परिषदेत कसा उतरतो, हे रनाळ्यानेच पाहिलं आहे. 4 मार्च 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागांची एकूण मर्यादा 50 टक्के धरून पाच जिल्हा परिषदांतल्या इतर मागासवर्गाच्या जागा रद्द ठरवल्या. नंदुरबारच्या 56 पैकी अशा 11 जागा गेल्या, त्यांत रनाळे गटही होता. 5 ऑक्टोबरला तिथे पोटनिवडणूक झाली. जिथे अनुसूचित जमातींचंच प्रमाण निम्म्यावर आहे, तिथे सपाटीवरच्या ओबीसींना राखीव जागेला वाव उरत नाही. डोंगराचं पारडं जड असलेल्या जिल्ह्यात राहिल्याने रनाळ्याला कचेरी जवळ मिळाली, आणि त्याची किंमतही काही जणांना मोजावी लागली. अशी किंमत असते हे मान्य केल्याशिवाय जिल्हानिर्मितीचा प्रामाणिक हिशोब होत नाही.

तिसरा आक्षेप आकड्यांचा: जिल्हा होऊन काय साधलं? 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 16 लाख 48 हजार, त्यात अनुसूचित जमाती 69 टक्के, साक्षरता 64.4 टक्के, राज्यात सर्वांत कमी. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत नंदुरबारचं नाव आहे, आणि 2021 च्या बहुआयामी गरिबीच्या मोजणीत ते महाराष्ट्रात सर्वांत खाली होतं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यायला 2020 उजाडलं, म्हणजे जिल्हा झाल्यावर बावीस वर्षं. पण हे आकडे नीट वाचायला हवेत. धुळे जिल्ह्याच्या सरासरीत अक्राणी दिसतच नव्हती. धुळे शहर, शिरपूर, दोंडाईचा यांच्यासोबत डोंगराची बेरीज झाली की सरासरी सुसह्य वाटे. जिल्हा वेगळा झाल्यावर कुपोषण, माता-बालमृत्यू, शाळागळती हे सगळं उघडं पडलं. उघड्या पडलेल्या दारिद्र्याचा दोष ते उघडं करणाऱ्या रेषेवर ठेवणं हा उलटा न्याय आहे. याच तर्काने पुढचं पाऊलही कळतं: नंदुरबारच्या सरासरीतही आता शहादा-नंदुरबारची सपाटी अक्राणीला झाकते. तेव्हा तालुकावार आकडे हवेत, पाडावार हवेत.

म्हणून पुढची गरज आणखी एका जिल्ह्याची नाही. सातपुड्यात कारभार खाली उतरायला हवा. अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगीचा स्वतंत्र तालुका व्हावा ही मागणी या नजरेने वाजवी आहे, कारण अक्कलकुव्याचा सपाट भाग आणि मोलगीचे पाडे यांच्यामध्ये घाट उभा आहे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदे आणि नवापूर हे संपूर्ण तालुके, तसेच नंदुरबार आणि शहाद्याचा काही भाग पाचव्या अनुसूचीखाली येतात. तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपज, जमीन आणि पाणी यांवर अधिकार दिले आहेत, आणि वनहक्क कायद्याने दावे मंजूर करण्याची पहिली पायरी ग्रामसभेलाच दिली आहे. हे अधिकार प्रत्यक्षात पाड्यावर चालले, तर माणसाला नंदुरबारच्या फेऱ्याच कमी माराव्या लागतील. ठाण्याला माणसापर्यंत नेता येतं, आणि ठाण्याची गरजही कमी करता येते. इतिहासात इथे पहिलं एकदाच झालं आणि दुसरं अजून व्हायचं आहे. रनाळ्याच्या शेतकऱ्याला दुपारी घरी परतता येतं, ही 1998 ची कमाई आहे. तीच सवलत मणिबेलीच्या माणसाला ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी 1936 च्या यादीतला आणि 1998 च्या जिल्ह्यातला हेतूचा फरक पुरता सिद्ध होईल. तोवर नंदुरबार जिल्हा झाला, असं म्हणताना 'सपाटीपुरता' हे शब्द जोडणं भाग आहे.